ताईच्या सासऱ्यांचं नाक

डोळे, कान आणि सरकारी कागद या तिन्हींवर काडीचाही विश्वास न ठेवता केवळ नाकाच्या भरवशावर सगळं आयुष्य काढलेला एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. ताई त्यांना मामा म्हणते म्हणून मीही मामाच म्हणते. कोल्हापुरातून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलं की कुंभी नदीच्या खोऱ्यात, डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव आहे आणि गावाच्या तोंडालाच त्यांचं गुऱ्हाळ. मामा स्वतः गुळवे. म्हणजे काहिलीच्या भल्यामोठ्या कढईत उकळणाऱ्या उसाच्या रसाचा गूळ नेमका कोणत्या घटकेला झाला, हे ज्याला कळतं तो माणूस. जरा आधी काहील उतरवली तर गूळ चिकट राहतो, जरा उशीर झाला तर जळतो. बाकीचे गुळवे रसाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते बघतात. मामांना हा प्रकार परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावण्यासारखा वाटायचा. ते नुसते काहिलीच्या कडेला उभे राहायचे, डोळे मिटायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि हात वर करायचे. हात वर गेला की चौघांनी काहील ओढून रस वाफ्यात ओतायचा. वाफा म्हणजे गूळ निवायला ओततात तो पसरट हौद. चाळीस वर्षांत तो हात एकदाही चुकीच्या वेळी वर गेला नव्हता, असं गाव सांगतं. मामा स्वतः काही सांगत नसत. आपल्या नाकाची तारीफ आपणच करणं त्यांना कमीपणाचं वाटे.

हे नाक गुऱ्हाळापुरतं राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण ते सगळीकडे त्यांच्या आधी पोचायचं. ताईला बघायला मंडळी आमच्या घरी आली तेव्हा बाकीच्यांनी शिक्षण, नोकरी, उंची असं रीतसर विचारलं. मामा गप्प. चहा आला. त्यांनी कप नाकाजवळ नेला, दोनदा हुंगला आणि आमच्या वडिलांना म्हणाले, "पावणं, ह्या च्यात दोन म्हशींचं दूध हाय. एक नुकती व्यालीया, दुसरी आटत आलीया." वडिलांचा चेहरा पडला. सकाळी दूधकट्ट्यावर, जिथे म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात तिथे, दूध घेताना पहिल्या म्हशीचं दूध संपलं होतं आणि उरलेलं दुसरीचं घेतलं होतं, हे खरंच होतं. वडिलांनी तसं कबूल केलं. मामा म्हणाले, "मग झालं तर. तुमी लपवलं न्हाई. हीच सून." या दोन वाक्यांमधला संबंध आजतागायत कोणाला लागलेला नाही. जाता जाता त्यांनी वडिलांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "शाईचा वास हाय. आजचीच छपाई न्हवं? कशाची?" वडील म्हणाले, "जाहीर निषेधाचं पत्रक." "कुणाचा निषेध?" वडिलांनी यादी सांगायला सुरुवात केली, तेव्हा आईने घाईघाईने सुपारी पुढे केली.

त्यांचा दुसरा हट्ट शांततेचा होता. गूळ होत आला की शेवटची पाच मिनिटं गुऱ्हाळावर कोणी बोलायचं नाही. खोकायचं असेल तर उसाच्या फडात जाऊन खोकायचं. मोबाईल सगळ्यांनी एका रिकाम्या बादलीत टाकायचे आणि बादली गोठ्यात नेऊन ठेवायची. त्या काळात गोठ्यातल्या म्हशींना जेवढे फोन आले तेवढे आमदारालाही येत नसतील. एका निवडणुकीत एक उमेदवार हात जोडत, पंधरावीस जणांच्या घोळक्यासह, बरोबर त्याच पाच मिनिटांत गुऱ्हाळात शिरला. "काका, आशीर्वाद असू द्या," एवढं त्याच्या तोंडून निघालं मात्र, मामांनी डोळे न उघडता बोट ओठावर ठेवलं. उमेदवार गप्प, घोळका गप्प, ढोलवाला गप्प. हात वर गेला, काहील उतरली, गूळ वाफ्यात पसरला, आणि मग मामा वळून म्हणाले, "हां, बोला आता. काय म्हणत हुता?" उमेदवार बिचारा काय म्हणत होता ते विसरून गेला होता. त्या गावात त्याला बरी मतं पडली. लोक म्हणाले, ऐकून घेणारा माणूस दिसतोय.

मी कॉलेजात होते तेव्हा दर हंगामात तिथे जाऊन पडायची. मामा मला "लेखिकाबाई" म्हणायचे आणि गरम काकवीची वाटी पुढे करून विचारायचे, "आज कुणाला फाडलं?" मी नवं लिहिलेलं पत्रक वाचून दाखवायची. ते शेवटपर्यंत ऐकायचे आणि म्हणायचे, "झ्याक हाय. पण जाळ लई झाला. रस हुता का आत?" आजही काही लिहिताना हे वाक्य मला छळतं, आणि हा मजकूर लिहिताना तर जास्तच छळतंय. पण जाळ कमी करायचा कसा, हे मला कोणी शिकवलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तो कमी करायची इच्छाही नाही.

कारण ताईच्या लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील तेव्हा गावाच्या डोंगरावर खडी क्रशर आला.

त्या डोंगराच्या पायथ्याशी एक सरकारी फलक आहे. हे पाणलोट क्षेत्र आहे, इथे पावसाचं पाणी अडवून जिरवलं जातं, झाडं लावली जातात, असं त्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं आहे. त्या फलकाच्या मागे, अगदी फलकाच्या मागे, तो डोंगर सुरुंग लावून फोडला जातो. ज्या सरकारने डोंगरावर बांध घालायला माणसं लावली त्याच सरकारने तो डोंगर पोखरायला परवाना दिला, आणि दोन्ही कागदांवर सही करताना कोणाचा हात थरथरला नाही. वरून येणारा ओढा आधी बारमाही होता. आता तो पावसाळ्यात पिठाच्या पाण्यासारखा वाहतो आणि बाकीचे आठ महिने त्याच्या पात्रात खडीच्या भुकटीचा थर असतो. ओढ्याचं निदान दिसतं तरी. हवेचं दिसतही नाही. सकाळी क्रशर सुरू झाला की डोंगरावरून एक करडा पडदा सरकत खाली येतो आणि ऊस, कौलं, वाळत घातलेले कपडे, म्हशींच्या पाठी, सगळं एका रंगाचं करून टाकतो. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत क्रशर जोरात चालतो, कारण रस्ते रुंद व्हायचे असतात आणि शहरात इमारती उठायच्या असतात. गुऱ्हाळाचा हंगामही नेमका तोच. तीन महिन्यांनी गावातली निम्मी म्हातारी माणसं खोकायला लागतात आणि तालुक्याचा डॉक्टर त्यांना विचारतो, "विडी ओढता का?"

मामांनी या क्रशरशी जे युद्ध पुकारलं ते कुठल्याही पत्रकात बसणारं नव्हतं. गूळ वाफ्यात निवत असतानाच त्यावर धूळ बसते, म्हणून त्यांनी मंडपवाल्याकडून लग्नातलं झालरीचं कापड आणलं आणि वाफ्यावर छत ताणलं. गुलाबी झालरीखाली गूळ नवरदेवासारखा बसला, पण वाफ बाहेर जाईना आणि त्याला घाम फुटला. तो घट्टच होईना. मामांनी कापड परत केलं आणि मंडपवाल्याला म्हणाले, "तुझ्या मांडवात लगीन टिकत आसंल, गूळ टिकत न्हाई." डॉक्टरने त्यांना मास्क दिला. तो त्यांनी पाण्याच्या माठाच्या तोंडाला बांधला. ताई चिडली. "मामा, तो तुमच्या नाकाला आणलाय." मामा म्हणाले, "नाक झाकून गूळ करू? मग उद्या डोळं बांधून गाडी चालवा म्हनशील. माठाला लाव, त्याला कुटं वास घ्यायचाय."

पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे उजव्या हाताची तर्जनी. खडी भरलेले हायवा डंपर डोंगरावरून उतरून गावच्या चहाच्या टपरीसमोर थांबत. ड्रायव्हर चहा घेईपर्यंत मामा गाडीच्या मागे जायचे आणि फाळक्यावर बसलेल्या धुळीच्या जाड थरात बोटाने लिहायचे, 'ह्यात आमचा डोंगर हाय.' रोज, प्रत्येक गाडीवर. ड्रायव्हर लांबचे, त्यांना मराठी वाचता येत नसे. त्यांना वाटायचं, म्हातारा काहीतरी शुभ लिहितोय. एकाने तर उलट हात जोडून आभार मानले. मी मामांना हसले. "मामा, हे कोण वाचणार? पहिल्या वळणावर पुसून जाईल." ते म्हणाले, "तुझी पत्रकं काय देव्हाऱ्यात ठेवत्यात व्हय लोक?"

मी कोल्हापुरात एका खोलीत भाड्याने राहते. शेजारी पाच मजली अपार्टमेंट उठतंय, त्याची सिमेंटमिश्रित धूळ माझ्या वह्यांवर बसते, आणि खाली एका सकाळी खडीची गाडी उभी होती. दात घासत मी गॅलरीतून खाली पाहिलं. फाळक्यावर, निम्मं पुसलेलं, पण 'डोंगर' शब्दातला तो मामांचा लांबोळका 'ड' मी कुठेही ओळखला असता. मी ब्रश तसाच तोंडात धरून उभी राहिले. मी ज्या इमारतीत राहते तीही अशीच कुठल्यातरी डोंगरातून आलेली असणार, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. गाडीने मागचा भाग उचलला, खडी घसरली, आणि मोठा करडा लोट माझ्या गॅलरीपर्यंत आला. त्या दिवशी मी पत्रक लिहायला बसले. त्यात 'नराधम' हा शब्द तीन वेळा आला होता. मामांना फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाले, "नराधम काढ. वारं कुणीकडनं येतं, कवा येतं आन् धूळ कशाकशावर बसती तेवढंच लिव्ह. वाचणारा आपसूक म्हनंल नराधम."

मी तसं लिहिलं. सोबत गावातल्या बायकांच्या सह्यांचा अर्ज जोडला. प्रदूषण खात्याच्या ऑफिसातून तो तीन वेळा परत पाठवला गेला, एकदा समास कमी सोडला म्हणून. शेवटी कळवलं गेलं की अमुक दिवशी साहेब हवा तपासायला यंत्र घेऊन येतील. मामा फार खूश झाले. त्यांनी आपला बेत आखला. साहेबांच्या समोर काहील लावायची, गूळ उघड्यावर वाफ्यात ओतायचा, निवू द्यायचा आणि साहेबांना चावायला द्यायचा. "यंत्र बिंत ऱ्हाऊ द्या. दातांखाली कचकचलं की साहेबाला अर्जच वाचायला नको." एवढ्या साध्या पुराव्यावर त्यांचा एवढा विश्वास होता की मलाही वाटायला लागलं, आता क्रशर गेलाच.

त्या सकाळी मी गावात उतरले आणि चुकीच्या गावात आले की काय असं वाटलं. रस्त्यावर पाणी मारलेलं होतं. टँकर लावून, पाइपने, रस्त्याच्या कडेची झाडं धुतली होती. टपरीजवळचं आंब्याचं झाड हिरवं असतं हे मला त्या दिवशी कळलं. क्रशर बंद. डोंगर असा स्वच्छ आणि निरागस उभा, जणू त्याला कोणी बोटही लावलेलं नाही. साहेब येणार हे आम्हाला चार दिवस आधी कळलं होतं. क्रशरवाल्याला त्याच्याही आधी कळलं असणार, कारण टँकर काही एका रात्रीत ठरत नाही. मामा ओल्या रस्त्याकडे बघून म्हणाले, "पानी अडवा म्हनून बोर्ड लावला, आन् पानी मारलं ते आज." मी ओरडायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "गप. दात हायत की साहेबाला."

साहेब आले, यंत्र सांभाळणारा एक सहायक आणि जीपचा ड्रायव्हर असे तिघं. यंत्र त्यांनी गुऱ्हाळाच्या अंगणातच मांडलं. गावातली वीज त्या वेळी गेलेली होती, म्हणून ते चालवायला जनरेटर लावला. तो असा धडधडायला लागला की म्हशी दावणीला ओढ घेऊ लागल्या. मामांनी आधी मागच्या आठवड्यातला, धूळ बसलेला गूळ ताटलीत घालून पुढे केला. "घ्या की साहेब, घरचा हाय."

साहेब म्हणाले, "नको नको, मला शुगर आहे."

ताटली सहायकाकडे गेली. "मलापण शुगर."

"ह्या वयात?" मामांनी विचारलं.

"बॉर्डरवर आहे," सहायक म्हणाला.

सबंध ऑफिसला एका दिवसात मधुमेह झालेला मी पहिल्यांदाच पाहत होते. ड्रायव्हर मात्र निरोगी निघाला. त्याने मोठा खडा उचलून तोंडात टाकला, चावला, आणि भाबडेपणाने म्हणाला, "लई भारी. पण जरा कचकच लागतीया, न्हाई का वो साहेब?" साहेबांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने उरलेला घास तसाच गिळला. ड्रायव्हरचे दात पंचनाम्यात येत नाहीत, हे मला तेव्हा समजलं.

"बरं, म्होरची काहील बघा," मामा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा पंचा झटकला आणि काहिलीजवळ गेले. रस घट्ट होत आला होता. बादली फिरली, आमचे मोबाईल गोळा झाले. साहेबांना बादली दाखवायची कोणाची हिंमत झाली नाही. मामांनी डोळे मिटले, मान तिरकी केली. गुऱ्हाळ गप्प झालं. फक्त जनरेटर धडधडत होता.

आम्ही सगळे वाट बघत होतो. गुळाचा तो गोड, भरलेला वास आला, वाढला, आणि मग त्याला एक कडवट कड आली. जळव्याने, म्हणजे चुलीत चिपाडं घालणाऱ्या माणसाने, माझ्याकडे पाहिलं. मी ताईकडे पाहिलं. ताईने पदर तोंडावर धरला. आम्हाला सगळ्यांना कळलं होतं की गूळ हातचा चाललाय. पण मामांचा हात खालीच होता, आणि शेवटच्या पाच मिनिटांत बोलायचं नसतं. चाळीस वर्षांत त्या माणसाला कोणी सांगितलं नव्हतं, तर आम्ही कोण सांगणार? मी मनाशी म्हटलं, त्यांना काहीतरी वेगळं कळत असेल. आयुष्यात मी कधी कुठल्या सभेत, कुठल्या साहेबासमोर तोंड मिटून बसले नाही. त्या दिवशी बसले. काहिलीच्या कडेने निळसर धूर निघायला लागला तरी आम्ही दहा माणसं देवळात उभं राहिल्यासारखी गप्प उभी होतो.

शेवटी रुमाल नाकाला लावून साहेबच म्हणाले, "अहो, काहीतरी जळतंय का?"

मामांनी डोळे उघडले. साहेबांकडे पाहिलं, मग काहिलीत पाहिलं. गूळ काळा पडून कडेला चिकटला होता. मग त्यांनी आमच्याकडे, एकेकाकडे, सावकाश पाहिलं. "आन् तुमी?" एवढंच म्हणाले, आणि जाऊन उसाच्या मोळीवर बसले.

जनरेटर बंद झाला तेव्हा साहेब कागदावर काहीतरी लिहीत होते. मी ओरडत होते. काय ओरडले ते नीट आठवत नाही, पण त्यात टँकर होता, झाडं होती, आणि 'नराधम' नक्कीच होता. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, आम्ही जे आढळतं ते नोंदवतो. हवा स्वच्छ आहे. धूर तेवढा तुमच्याच गुऱ्हाळाचा दिसतोय."

पंधरा दिवसांनी कागद आला. क्रशरवर नाही, मामांवर. पाहणीच्या वेळी परिसरात धूर व जळका वास आढळला, त्याचा उगम गुऱ्हाळ आहे, तरी धुराड्याची उंची वाढवावी, अन्यथा कारवाई केली जाईल. सहा वर्षं डोंगर खाणाऱ्याला स्वच्छ हवेचा दाखला आणि एक काहील जळालेल्याला नोटीस! मी तो कागद अनेकदा वाचला आणि प्रत्येक वेळी मला तो फाडावासा वाटला, पण तो पुरावा आहे म्हणून फाडता येईना. त्यावर उत्तर द्यायला एक छापील नमुना जोडलेला होता. नुकसानीचा प्रकार, असा रकाना होता. पीक, जनावर, घर, विहीर. यापैकी एकावर खूण करायची होती. मी फोन करून मामांना म्हटलं, "मामा, काय लिहू?" त्यांनी चारही नावं पुन्हा एकदा वाचून घेतली. मग ते म्हणाले, "नाक आसंल तर लिव्ह."

तेव्हा कळलं. दिवाळीनंतर हळूहळू त्यांना वास येईनासा झाला होता. आधी काकवीचा गेला, मग गोठ्याचा, मग सगळाच. कोणालाही सांगितलं नव्हतं. कोल्हापुरातल्या छातीच्या डॉक्टरने त्यांना दगडाच्या भुकटीबद्दल सगळं समजावून सांगितलं होतं, तेही त्यांनी लपवलं. दोन महिने ते कानावर गूळ काढत होते. रस उकळताना खळखळतो, घट्ट झाला की फदफदतो, आणि अगदी शेवटी त्याचा आवाज बारीक होतो. तेवढ्यासाठी त्या पाच मिनिटांची शांतता इतक्यात फार कडक झाली होती. आम्हाला वाटायचं, म्हातारा जास्तच विक्षिप्त होत चाललाय. त्या दिवशी हवा तपासायच्या यंत्राच्या जनरेटरने त्यांचा कानही घेतला. वाफेत डोळ्यांना काही दिसत नाही, आणि दिसलं असतं तरी त्यांनी ते मिटलेले होते. दहा नाकं शेजारी उभी होती, दहाही धडधाकट, आणि एकानेही तोंड उघडलं नाही. क्रशरवाल्याला, साहेबाला, परवाना देणाऱ्याला मी जन्मभर क्षमा करणार नाही. पण यादी प्रामाणिकपणे लिहायची तर त्यात आणखी एक नाव घालावं लागतं, आणि ते मी इथे घालते.

आठवडाभर मामा गुऱ्हाळाकडे फिरकले नाहीत. तोडून आणलेला ऊस अंगणात सुकत होता. मग एक दिवस सकाळी उठून पंचा खांद्यावर टाकून ते निघाले आणि ताईला म्हणाले, "सूनबाई, चल. आज तू हुबारायचं." ताई घाबरली. "मला नाही जमायचं, मामा." "जमतंय. इतकी वर्सं माझ्यामागं हुबी हाईस, काय नुसतीच व्हय?" मी त्या दिवशी नोटिशीच्या उत्तरावर त्यांची सही घ्यायला गेले होते. नमुन्यातल्या चारही रकान्यांवर काट मारून खाली मी स्वतःच्या हाताने पाचवा आखला होता. मामांनी तो वाचला आणि ठसठशीत सही केली.

ताईने काहिलीवर वाकून तीनदा श्वास घेतला, दोनदा मान हलवली, आणि मग एकदम ओरडली, "मामा, आता!" मामांचा हात त्याच क्षणी वर गेला. त्यांनी काही तपासलं नाही, काही विचारलं नाही. गूळ वाफ्यात पसरला. रंग नेहमीपेक्षा किंचित गडद होता, पण गूळ गूळच होता. ताई खाली बसून रडायला लागली आणि जळवा तिला म्हणाला, "वैनी, रडू नगा, वाफ्यात पडंल."

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत क्रशर बंद असतो. त्या तासाभरात हवा जरा बरी असते, म्हणून मामा वाफ्याच्या कडेला येऊन बसले. मीही बसले. त्यांनी कोमट गुळाचा एक तुकडा जिभेवर ठेवला आणि बराच वेळ चघळत राहिले.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"गोड हाय," ते म्हणाले. मग तुकडा जिभेवर फिरवून, "नुसतं गोड. साखर खाल्ल्यागत लागतंय."

त्यांनी मला कोपराने ढोसलं. "लेखिका न्हवं तू? सांग की वास कसा हाय."

मी वाकले. "भाजलेल्या शेंगांसारखा," म्हटलं.

"त्यो चुलीतल्या चिपाडांचा. गुळाचा सांग."

"पिकलेल्या केळासारखा."

"त्यो तासामागं. आता न्हाई." त्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली. "गोधडी दिवसभर उन्हात घातलेली आसती. सांजच्याला आत आणायला जातो आन् घडी घालताना तिच्यात तोंड जातंय. तसा. बघ."

मी पुन्हा वाकले. खरंच तसा होता. इतकी वर्षं तो माझ्या नाकात जात होता आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

वर डोंगरावर भोंगा झाला आणि क्रशरचा पट्टा पुन्हा फिरायला लागला. ताई वाफ्यावर झाकायला पोती आणायला उठली.

"हाय का अजून?" मामांनी डोळे न उघडता विचारलं.

"हाय," मी म्हटलं.

"मग बस जरा."